डोंगर कां घसरतो? माळीणच्या निमित्तानें एक पाठ

जुन्नर व आंबेगांव ह्या तालुक्यांच्या पश्चिम भागांतील मुलांस डोंगर म्हणजे काय हें शिकवावें लागत नाहीं. त्यांचें घर डोंगराच्या पायथ्याशीं, शेत डोंगराच्या अंगावर, आणि पिण्याचें पाणी डोंगराच्या पोटांतून येतें. तरी शाळेच्या पुस्तकांत "भूस्खलन" हा शब्द आला कीं मुलगा तो पाठ करितो, परीक्षेंत लिहितो, आणि घरीं आजी जिला दरड म्हणते तीच ही गोष्ट, हें त्याच्या ध्यानांत येत नाहीं. म्हणून ज्या शिक्षकबंधूंस व भगिनींस संध्याकाळीं मुलें जमवून कांहीं शिकवावें लागतें, त्यांच्या उपयोगासाठीं हा पाठ लिहिला आहे. ह्यास लागणारें सामान बहुतेक घरीं मिळेल: एक फळी, एक वीट, सूपभर नाचणी, थोडी वाळू, दोरी, बादली आणि सरळ बाजूंचा एक रिकामा डबा.

पाठाचा आरंभ मात्र एका दुःखाच्या गोष्टीनें करणें प्राप्त आहे. ता. ३० जुलै २०१४ रोजीं सकाळीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण ह्या गांवावर वरचा डोंगर खचून आला. आदल्या दिवसापासून मोठा पाऊस चालला होता. चिखल, दगड व उन्मळलेलीं झाडें ह्यांच्या लोंढ्याखालीं चाळीस किंवा त्यांहून अधिक घरें गाडलीं गेलीं. बाहेरच्या जगास ही बातमी कळली ती त्या वाटेनें आलेल्या एस. टी. गाडीच्या चालकाकडून, रोजचें गांव जेथें दिसावयाचें तेथें त्यास मातीचा ढीग दिसला. राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दलाचे जवान आले, यंत्रें आलीं. परंतु पाऊस थांबेना आणि चिखलांत पाऊल ठरेना. शोधाचें काम आठवड्याहून अधिक दिवस चाललें. शेवटीं मृतांची संख्या १५१ भरली. गांव बहुतांशीं महादेव कोळी समाजाचें होतें. भातशेती करावी, हिरडा गोळा करून विकावा, असा त्यांचा प्रपंच.

असा प्रसंग झाला म्हणजे गांवोगांवीं दोन प्रकारचीं बोलणीं ऐकूं येतात. कोणी म्हणतो, हा कोप होता. कोणी म्हणतो, नशिबीं होतें तें झालें. मुलांसमोर हीं दोन्ही बोलणीं शिक्षकानें चालूं देऊं नयेत. माळीणचे लोक शेजारच्या गांवांतील लोकांहून अधिक अपराधी नव्हते, आणि ज्यांचीं मुलें मातीखालीं गेलीं त्यांच्या पाठीमागें असें बोलणें हें अज्ञान तर आहेच, पण निष्ठुरताहि आहे. दुसऱ्या बोलण्यांत निष्ठुरता नाहीं, पण त्यांत एक मोठा तोटा आहे: नशिबास कारण नसतें, म्हणून त्यावर उपायहि नसतो. डोंगर घसरण्यास कारणें आहेत, आणि तीं दहा वर्षांच्या मुलास समजण्याजोगीं आहेत.

प्रथम सुपांतील नाचणी हळूहळू एकाच जागीं जमिनीवर ओतावी. रास होते. आणखी ओतिली कीं रास उंच होते आणि रुंदहि होते. परंतु तिच्या बाजूंचा उतार पहिल्याइतकाच राहतो. उतार वाढूं लागला कीं वरचे दाणे आपण होऊन खालीं घरंगळतात आणि पुन्हा तोच उतार येतो. खळ्यावर हें आपण दर वर्षीं पाहतों, परंतु पाहून विचार करीत नाहीं. वाळूची रास केली तर तिचाहि असाच ठराविक उतार असतो. कोरड्या वाळूचा तो सुमारें ३० ते ३५ अंशांचा भरतो. सुट्या कणांची जी जी रास असेल तिला असा आपला एक उतार असतो, आणि त्याहून अधिक उभी ती राहत नाहीं.

मग एखादा हुशार मुलगा विचारील, "गुरुजी, आमच्या मागचा डोंगर तर ह्याहून उभा आहे, तो कसा राहिला?" हा प्रश्न कोणी विचारला तर शिक्षकानें संतोष मानावा, व कोणी न विचारला तर आपणच विचारावा. उत्तर असें कीं डोंगर ही सुट्या दाण्यांची रास नाहीं. आंत अखंड खडक आहे. त्यावर मुरूम, मुरुमावर माती. मातीच्या कणांस एक प्रकारचा चिकटा असतो, आणि झाडांचीं मुळें त्यांस शिवून धरितात. म्हणून डोंगर राशीपेक्षां उभा राहूं शकतो. परंतु हा चिकटा व ही शिवण कायमची आहे असें समजूं नये.

आतां फळी घ्यावी. ती एक मीटर लांब असली तर हिशेब सोपा पडतो. तिच्यावर वीट ठेवून एक टोक हळूहळू उचलावें. टोक २० सेंटिमीटर उंच झालें म्हणजे विटेच्या वजनाचा पांचवा भाग तिला उताराकडे ओढीत असतो. ५० सेंटिमीटर झालें म्हणजे वजनाचा अर्धा भाग. (उंचीस फळीच्या लांबीनें भागावें म्हणजे हा अपूर्णांक निघतो, वरच्या वर्गांतील मुलांनीं तो काढून पाहावा.) तरी वीट लगेच सुटत नाहीं. तिला धरून ठेवणारी जी शक्ति, तिला घर्षण म्हणतात. वीट फळीवर जितकी दाबून बसली असेल तितकें घर्षण अधिक. फळी उभी होत गेली कीं खालीं ओढणारा भाग वाढतो व दाबून बसणारा भाग कमी होतो. एक क्षण असा येतो कीं ओढणारी शक्ति धरणाऱ्या शक्तीहून अधिक होते, आणि वीट सर्रकन् खालीं येते. ह्या "सर्रकन्" शब्दाकडे मुलांचें लक्ष वेधावें. ती क्षणापूर्वीं थोडीशी घसरली आणि मग थांबली, असें नाहीं. ती अगदीं स्थिर होती, आणि मग एकदम निघाली. "काल संध्याकाळपर्यंत डोंगर जसाच्या तसा होता" हें वाक्य अशा गांवांतून वाचलेले लोक पुष्कळदां बोलतात, आणि तें खरें असतें. स्थिर दिसणें व सुरक्षित असणें ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत.

उतार तर शंभर वर्षें तोच असतो. मग एके दिवशीं अधिक काय झालें? पाणी आलें. पण पाणी काय करितें हें नीट समजून घ्यावें, कारण येथें बहुतेक मोठीं माणसेंहि अर्धेंच उत्तर देतात. तीं म्हणतात, पाण्यानें माती जड होते. खरें आहे, परंतु तें अर्धें सत्य आहे.

दुसरें अर्धें सत्य बादलींत सांपडतें. एक काळा दगड दोरीस बांधून ताणकाट्यास लावावा. हवेंत तो तीन किलो भरला, तर बादलींतील पाण्यांत पूर्ण बुडविल्यावर सुमारें दोनच किलो भरेल. जितकें पाणी त्यानें बाजूस सारिलें तितक्या पाण्याच्या वजनाचा भार पाणी आपल्या अंगावर घेतें. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं आर्किमिडीज नांवाच्या ग्रीक पंडितानें हा नियम सांगितला. ज्यांच्याजवळ काटा नाहीं त्यांनीं हातानेंच दगड पाण्याबाहेर व पाण्यांत उचलून पाहावा. फरक लहान मुलासहि कळतो. आतां डोंगराच्या मातीचा विचार करूं. तिच्या कणांमध्यें पोकळ्या असतात. कोरड्या दिवसांत त्यांत हवा असते. पाऊस लागून राहिला आणि त्या सर्व पोकळ्या पाण्यानें भरल्या, म्हणजे प्रत्येक कण हा बादलींतील दगड झाला. तो खालच्या कणावर पूर्वीइतका दाबून बसत नाहीं; दाब कमी झाला म्हणून घर्षण कमी झालें. इकडे उताराकडे ओढणारें वजन मात्र कमी झालें नाहीं, उलट वाढलें, कारण आतां माती व तिच्यांतील पाणी हीं दोन्ही मिळून ओढलीं जात आहेत. एका बाजूनें ओढ वाढली, दुसऱ्या बाजूनें पकड सुटली. डोंगर घसरतो तो ह्या दोहोंमुळें.

वाळूचें घर बांधणाऱ्या मुलास येथें एक शंका येईल. ओली वाळू कोरड्या वाळूपेक्षां चांगली उभी राहते, मग पाणी शत्रु कसें? शंका बरोबर आहे. थोडें पाणी असलें तर तें कणांच्या सांध्यांत बसून त्यांस एकमेकांकडे ओढतें, म्हणून ओलसर वाळूची भिंत उभी राहते. त्याच भिंतीवर तांब्याभर पाणी ओता, ती बसते. थोडें पाणी बांधतें, पुष्कळ पाणी सोडतें. म्हणून मृगाच्या पहिल्या सरींत मोठी दरड क्वचित् येते आणि जमीन तुडुंब झाल्यावर येते. माळीणनंतरचीं उदाहरणें पाहा. रायगड जिल्ह्यांत महाडजवळील तळीये गांवावर दरड आली ती २२ जुलै २०२१ रोजीं. तेथें ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. त्याच जिल्ह्यांत खालापूर तालुक्यांतील इर्शाळवाडी ही ठाकर लोकांची वाडी १९ जुलै २०२३ च्या रात्रीं गाडली गेली. २७ प्रेतें हातीं लागलीं, ५७ माणसें सांपडलींच नाहींत, आणि शोध थांबवावा लागला. केरळांतील वायनाड जिल्ह्यांत मुंडक्कै व चूरलमला हीं गांवें वाहून गेलीं तो दिवस ३० जुलै २०२४ होता, म्हणजे माळीणच्या घटनेस बरोबर दहा वर्षें झालीं तो दिवस. चारहि घटना जुलैच्या उत्तरार्धांतील आहेत, हें फळ्यावर लिहून मुलांस कारण विचारावें.

पाणी किती, हें मोजतां आलें पाहिजे. शास्त्राचा आरंभ मोजण्यांत आहे. "फार पाऊस झाला" हें शास्त्र नव्हे. सरळ बाजूंचा डबा उघड्या जागीं, झाडापासून व पागोळ्यांपासून दूर, सपाट ठेवावा. रोज सकाळीं साडेआठ वाजतां (सरकारी वेधशाळाहि ह्याच वेळीं माप घेते) त्यांत पट्टी उभी धरून पाण्याची खोली मिलिमीटरांत पाहावी, वहींत लिहावी, आणि डबा रिकामा करावा. डबा लहान असो वा मोठा, खोली तीच येते; कां येते, हा प्रश्न मुलांवर सोपवावा. हवामान खात्याच्या भाषेंत चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरांपासून ११५.५ पर्यंत पडला तर तो जोरदार पाऊस, त्यापुढें २०४.४ पर्यंत अति जोरदार, आणि २०४.५ किंवा अधिक झाला तर अत्यंत जोरदार.

ह्या आंकड्यांचें वजन मुलांस कळावें म्हणून गुंठ्याचा हिशेब सांगतों. एका गुंठ्यावर एक सेंटिमीटर पाऊस पडला म्हणजे सुमारें एक हजार लिटर पाणी पडलें. त्याचें वजन एक हजार किलो, म्हणजे दहा क्विंटल. २९ जुलै २०१४ रोजीं त्या भागांत १०.८ सेंटिमीटर पाऊस झाल्याचें प्रसिद्ध झालें होतें. म्हणजे एका गुंठ्यावर सुमारें ११ हजार किलो, आणि चाळीस गुंठ्यांच्या एकरावर सुमारें चार लाख सदतीस हजार किलो पाणी, तेंहि एका दिवसांत. ह्यांतील कांहीं ओढ्यांतून वाहून जातें, कांहीं जमीन पिते. जें जमीन पिते त्याचाच आपण आतांपर्यंत विचार केला.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. १०.८ सेंटिमीटर म्हणजे १०८ मिलिमीटर. वरच्या यादीप्रमाणें तो नुसता "जोरदार" ठरतो, "अति जोरदार" सुद्धां नाहीं. सह्याद्रीच्या माथ्याजवळ असा पाऊस बहुतेक वर्षीं एकदोनदां तरी होतोच. तेव्हां एका दिवसाचा आंकडा एकट्यानें कांहीं सांगत नाहीं. आधींच्या आठ-पंधरा दिवसांत जमीन किती प्याली होती, तो पाऊस किती तासांत पडला, दुसऱ्या दिवशीं तो थांबला कीं चालूच राहिला (माळीण येथें चालूच राहिला), आणि खालचा उतार कोणत्या स्थितींत होता, हें सर्व पाहावें लागतें. म्हणूनच वही रोज लिहावयाची. मोठ्या पावसाच्या दिवशीं डबा शोधण्यांत अर्थ नाहीं.

पश्चिमेस पाऊस इतका, आणि पूर्वेस इतका थोडा कां, हेंहि ओघानें सांगावें. अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा सह्याद्रीस अडून वर चढते. वर थंडी असल्यामुळें तिच्यांतील बाष्पाचें पाणी होतें व घाटमाथ्यावर कोसळतें. भीमाशंकरच्या बाजूस वर्षाचा पाऊस तीन मीटरांच्या आसपास जातो. तीच हवा माथा ओलांडून खालीं उतरली कीं कोरडी होते, आणि मंचरच्या पूर्वेस वर्षभरांत एक मीटरहि भरत नाहीं. एकाच तालुक्यांत एका टोकास भाताचें खाचर व दुसऱ्या टोकास बाजरी, ह्याचें कारण हें.

आतां डोंगराच्या पोटांत जाऊं. शिवनेरीच्या किंवा लेण्याद्रीच्या कड्याकडे दुरून पाहिलें तर भाकरी एकीवर एक रचाव्या तसे आडवे थर दिसतात. सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं जमिनीच्या भेगांतून तप्त शिलारस पुनःपुन्हां बाहेर आला, पसरला व निवाला. त्या थरांचा हा आपला काळा खडक. जुन्या कारागिरांनीं ह्याच थरांत जुन्नरभोंवतीं दोनशेंहून अधिक लेणीं कोरिलीं, तेव्हां त्याच्या बळकटीविषयीं शंका नको. परंतु जो खडक उन्हापावसांत उघडा पडला तो झिजतो. त्याचा मुरूम होतो, मुरुमाची माती होते. अखंड खडकांतून पाणी सहज जात नाहीं, मुरुमांतून जातें. म्हणून पाऊस माती व मुरूम ह्यांतून खालीं उतरतो, खडकाच्या पाठीवर येऊन अडतो, आणि तिच्यावरून उताराच्या दिशेनें वाहूं लागतो. जेथें तो बाहेर पडतो तेथें झरा. मुरूम व खडक ह्यांच्या मधली ही जी भिजलेली जागा, तीच पुष्कळदां घसरण्याची जागा होते. आपली फळी व वीट आठवा.

आणि ह्यांतच डोंगरी गांवांचें मोठें संकट आहे. आपल्या पूर्वजांनीं वस्ती कोठें केली? जेथें झरा होता, थोडी सपाटी होती, व भातास माती होती तेथें. कड्याखालीं, उताराच्या पोटाशीं, अशी जागा मिळते. परंतु ती सपाटी व ती खोल माती तेथें आली कोठून? पुष्कळ ठिकाणीं ती वरूनच, फार पूर्वीं, घसरून आलेली असते. ज्या कारणानें जागा राहण्याजोगी झाली त्याच कारणानें ती धोक्याची आहे. ह्यांत पूर्वजांचा दोष नाहीं. पाण्यावांचून गांव कसें वसवावें?

माणसाच्या हातून ह्या उताराचें काय होतें हा प्रश्न माळीणनंतर फार गाजला. कोणी वृक्षतोडीस दोष दिला, कोणी यंत्रांनीं केलेल्या सपाटीकरणास, कोणी घोड नदीवरील डिंभे धरणास. मुलांस ह्यांपैकीं एकच कारण पाठ करावयास लावूं नये; प्रत्येकाची परीक्षा कशी करावी हें शिकवावें. धरणाचें पाणी गांवाच्या खालच्या अंगास आहे आणि खचला तो गांवाच्या वरचा डोंगर. तेव्हां जो धरणास कारण म्हणतो त्यानें खालचें पाणी वरच्या मातीस कसें पोहोंचलें हें दाखविलें पाहिजे. झाडांविषयीं असें कीं मुळें वरची एकदोन मीटर माती चांगली शिवून धरितात व पाण्याचा कांहीं भाग शोषून घेतात, म्हणून झाडें गेलीं कीं धोका वाढतो हें खरें. परंतु घसरण्याची जागा मुळांच्याहि खालीं असेल तर झाडांसकट डोंगर येतो.

सपाटीकरणाचा विचार थोडा अधिक करावयास हवा, कारण तें आपल्या हातचें काम आहे. ह्या भागांत पडकई म्हणून जुनी चाल आहे. उताराच्या जमिनीवर दगडांचे बांध घालून भाताचीं खाचरें काढावयाचीं, आणि हें काम एकट्यानें न करितां शेजाऱ्यांनीं पाळीपाळीनें एकमेकांच्या शेतावर करावयाचें, ही ती चाल. आज तुझ्या शेतावर दहा माणसें, उद्यां माझ्या शेतावर तींच दहा. पैसा नसलेल्या लोकांनीं श्रमाचीच पेढी काढावी, अशी ही व्यवस्था. समाजशास्त्राच्या पुस्तकांत सहकाराचा धडा येतो तेव्हां शिक्षकानें दूरच्या देशाचें उदाहरण शोधण्यापूर्वीं हें द्यावें. हातांनीं केलेली पडकई सावकाश होते, दर वर्षीं थोडीथोडी. दगड बसतात, माती मुरते, पाण्याला वाट ठेवावी लागते हें करणाऱ्यास ठाऊक असतें. तेंच काम जेसीबीसारख्या यंत्रानें दोन दिवसांत केलें म्हणजे तीन गोष्टी होतात. उताराचा पाय कापला जातो, म्हणजे वरच्या मातीचा टेका जातो. कापलेली माती पुढें सैल टाकली जाते, आणि सैल माती पाणी फार पिते. तिसरें, सपाट झालेल्या खाचरांत पाणी थांबतें व खालीं मुरतें. भातास तें हवें असतें, उतारास तें नको असतें. म्हणून खाचरें काढूंच नयेत असें नव्हे. शेंकडों वर्षें लोक तीं काढीत आले व जगले. तीं कोणत्या उतारावर, किती उंचीचीं, आणि जादा पाणी सोडण्यास चर ठेवून कीं न ठेवतां, हा खरा प्रश्न आहे.

ह्यानंतरचा भाग नागरिकशास्त्राचा आहे. गांवावर संकट आलें तर कोणी काय करावयाचें? २००५ सालीं देशांत आपत्ति व्यवस्थापनाचा कायदा झाला. त्याप्रमाणें जिल्ह्यांत एक प्राधिकरण असतें व जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात. आपल्याकडे ती साखळी अशी: गांवांत ग्रामपंचायत, तलाठी व पोलीस पाटील, आंबेगांव तालुक्याची कचेरी घोडेगांवास, जुन्नरची जुन्नरास, त्यांवर पुण्यास जिल्हाधिकारी. राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दलाची एक तुकडी पुणे जिल्ह्यांतच, तळेगांवाजवळ असते. दूरध्वनीवर ११२ हा आंकडा कोठूनहि चालतो, आणि जिल्ह्याच्या आपत्ति कक्षाचा १०७७. हे दोन आंकडे मुलांस पाढ्यांसारखे पाठ असावेत. परंतु मुलांस हेंहि कळूं द्यावें कीं ही साखळी खालून हलविल्यावांचून हलत नाहीं. पुण्याच्या कचेरींतून आपल्या मागच्या डोंगराची भेग दिसत नाहीं. ती गुराख्यास दिसते.

दुसरा प्रश्न पुनर्वसनाचा. माळीणच्या उरलेल्या लोकांसाठीं जवळच आमडे येथें जागा घेऊन नवें गांव बांधलें, आणि एप्रिल २०१७ मध्यें तें त्यांच्या स्वाधीन करण्यांत आलें. घरें पक्कीं, रस्ते, शाळा, सर्व कांहीं नवें. त्याच वर्षीं जूनच्या पहिल्या मोठ्या पावसांत तेथें कांहीं ठिकाणीं भराव खचला, रस्त्यांस व भिंतींस तडे गेले, आणि एकदां डोंगर अंगावर आलेल्या लोकांची झोंप पुन्हां उडाली. कारण आपण आतां स्वतः सांगूं शकतों: डोंगरांत सपाटी करावयाची तर एका बाजूस कापावें व दुसऱ्या बाजूस भरावें लागतें, आणि भराव हा नवी रास आहे, तो कितीहि दाबला तरी पहिल्या पावसाळ्यांत बसतो. पाण्याची वाट आधीं, घर मागून, हा क्रम उलटा झाला कीं असें होतें.

घर हलविणें सोपें, पोट हलविणें कठीण, हेंहि मुलांनीं समजावें. शेत जुन्या डोंगरावर राहतें, हिरड्याचीं झाडें तेथेंच राहतात, आणि म्हातारीं माणसें रोज तिकडे चालत जातात. आंबेगांव तालुक्यास हा अनुभव नवा नाहीं. ज्या आंबेगांवावरून तालुक्यास नांव पडलें तें जुनें गांवच डिंभे धरणाच्या पाण्याखालीं गेलें आहे. तालुका उरला, गांव नाहीं. दोन्ही तालुक्यांच्या पश्चिमेकडील पुष्कळ गांवें अनुसूचित क्षेत्रांत मोडतात. तेथें १९९६ च्या पेसा कायद्यानें प्रकल्पासाठीं जमीन घेण्यापूर्वीं व विस्थापितांस वसविण्यापूर्वीं ग्रामसभेचा विचार घेतला पाहिजे, असें ठरलें आहे. ग्रामसभेंत कोण बसतो? अठरा वर्षांवरील प्रत्येक मतदार, बायका सुद्धां. मुलांनीं घरीं जाऊन आईस विचारावें कीं ती शेवटची केव्हां गेली होती.

आतां राहिलीं लक्षणें. दरड एकदम येते हें खरें, पण पुष्कळदां ती येण्यापूर्वीं डोंगर कांहीं खुणा करितो. उताराच्या माथ्यावर, आडवी, चंद्रकोरीसारखी भेग पडते. सरळ वाढलेलीं झाडें किंवा विजेचे खांब एका बाजूस कलतात. घराचा दरवाजा, जो काल लागत होता, तो आज चौकटींत अडतो. झऱ्याचें स्वच्छ पाणी गढूळ होतें, किंवा जोराचा पाऊस असतांहि तो आटतो, किंवा जेथें कधीं पाणी नव्हतें तेथें फुटतें. वरून दगड सुटूं लागतात, आणि घरघर असा आवाज येतो. शेवटच्या दोन खुणा दिसल्या तर विचारीत बसूं नये. रात्र असली तरी, पाऊस असला तरी, मुलेंबाळें व म्हातारे ह्यांस घेऊन निघावें, आणि ओढ्याच्या पात्रानें खालीं न जातां बाजूस जावें, कारण लोंढा ओढ्याचीच वाट धरितो. गुरांचे दावें सोडावे, भांडींकुंडीं राहूं द्यावीं.

भेग मात्र उन्हाळ्यांत व पावसाळ्याच्या आरंभीं शांतपणें पाहतां येते, आणि तें काम मोठ्या मुलांसह करण्याजोगें आहे. मोठ्या माणसास बरोबर घेऊन गांवामागच्या उतारावर जावें. भेग सांपडली तर तिच्या अलीकडे एक व पलीकडे एक अशा दोन लोखंडी खुंट्या ठोकाव्या, दोहोंमधील अंतर मिलिमीटरांपर्यंत मोजावें, आणि तारीख घालून पावसाच्याच वहींत लिहावें. भेगेंत माती ठोकून भरावी व वर पाणी थांबूं नये असा लहान चर काढावा. दर रविवारीं पुन्हां मोजावें. जोराचा पाऊस झाल्यास तो थांबून वर जाणें निर्धोक झाल्यावरच मोजावें, पावसांत कोणी जाऊं नये. अंतर तेंच राहिलें तर तेंच लिहावें. तें वाढूं लागलें तर ती वही घेऊन तलाठ्याकडे व तेथून घोडेगांवास किंवा जुन्नरास तहसीलदारांकडे जावें, आणि वहीची एक नक्कल आपल्याजवळ ठेवून पोंच मागून घ्यावी.